तीन खुणांमधली ओळ

हे खरं घडलंय. बेंबळीच्या शिवारात, गेल्या एप्रिलमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी. अंधार असता तर अक्षदानं भास झाला म्हणून सोडून दिलं असतं.

तिच्या चुलतभावानं, वैजनाथनं, एका कंपनीसाठी मोबाइलवरून विहिरीची मोटर चालू-बंद करायचा प्रोग्राम लिहिला होता. चाचणीसाठी घरचीच विहीर जोडली होती.

वर्षापूर्वी तो त्याच विहिरीत उतरला. मोटर चालू झाली. करंट लागून गेला.

कुणी चालू केली, ते कळलंच नाही.

त्याचं काम कंपनीनं अक्षदाला दिलं. शेतातल्या घरी बसून ती ते करायची.

त्या दुपारी फक्त टिपा नीट लावायच्या होत्या. प्रोग्राममध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा. मशीन त्या सोडून देतं. पण टिपेतलं उदाहरण वर-खाली ``` अशा खुणांत बसवलं, की तपासणीत मशीन ते खरोखर चालवून बघतं.

वैजनाथनं सगळी उदाहरणं खुणांत बसवली होती.

एक सोडून.

/// उदाहरण:
/// विहीर.मोटर.चालू()

तिचे वडील धनाजी तेव्हा विहिरीत होते. पाइपाच्या जाळीतला कचरा काढत. पण त्या आठवड्यात शेतीची लाइट फक्त रात्री येत होती. शिवाय फ्यूज काढून त्यांनी खिशात घातले होते.

काळजीचं काही नव्हतं.

घाईत राहिलं असेल त्याचं, असं वाटून तिनं खुणा घातल्या. फाइल जतन केली.

पुन्हा बघितलं...

खुणा नव्हत्या.

परत घातल्या.

/// उदाहरण:
/// विहीर.मोटर.चालू()
///
///
///

खुणा नाहीत. खाली रिकाम्या ओळी वाढत होत्या. जणू कुणीतरी सारखं बटण दाबतंय, आणि शब्द उमटत नाहीत.

कीबोर्ड बिघडला, असं तिला वाटलं.

तिसऱ्यांदा खुणा घातल्या आणि लगेच तपासणी चालवली.

"उदाहरण बरोबर."

मग...

घुंऽऽऽ

ती अनवाणी पळाली.

मोटरची पेटी उघडी. फ्यूजच्या जागा रिकाम्या. दिवे विझलेले. मोटर चालू.

बंद करायला एकही बटण चालू नव्हतं.

विहिरीच्या काठावर शेजारचे गुंडाप्पाकाका दोर धरून मागं रेलले होते. तिनंही दोर धरला. खालून वडिलांचा आवाज येत नव्हता. हाक मारली. नाही. दोर इंच इंच येत होता.

अर्ध्यावर मोटर आपोआप थांबली.

धनाजी वर आले. जिवंत. साधं खरचटलंही नव्हतं. खिशातून फ्यूज काढून त्यांनी दगडावर ठेवले.

त्यांनी कंबरेचा दोर सोडला, तरी काकांनी आपलं टोक सोडलं नाही.

"पोरी, म्या तीस वर्षं माणसं ओढतोय. वजन दोघांचं होतं."

धनाजी म्हणाले, "उगं काय बी बोलू नका."

पण विहिरीकडं बघितलं नाही.

अक्षदानं ते उदाहरणच पुसून टाकलं. त्या टिपेत उदाहरण का नाही, असं कंपनी अजून विचारते.

तिला त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो.

तेव्हापासून धनाजी मोटारसायकलवर एकटेच असले तरी टाकीला चिकटून बसतात. मागं एका माणसाची जागा सोडून. तिनं एकदा विचारलं.

"मोडायचं का त्याचं मन?" एवढंच म्हणाले.

आणि गाडी हळू सोडली. मागं कुणी नीट बसल्यावर सोडतात, तशी.