कियेरो, कियेरेस, गोटीराम

स्पॅनिशच्या क्लासमध्ये आम्ही दोघांनी एकाच संध्याकाळी एकच चूक केली आणि मॅडमनी आम्हाला गॅलरीत काढलं. एवढ्या मोठ्या माणसांना शिक्षा! पाठ झालं की आत या, म्हणाल्या. खाली कॉलेज रोड हॉर्न वाजवत होता, आणि भुरभुर पाऊस कठड्यावरून आमच्या वह्यांवर उडत होता.

क्रियापद होतं 'केरेर'. म्हणजे हवं असणं; आणि माणसाबद्दल बोलायचं तर प्रेम असणं. वर्तमानकाळात त्यातल्या 'के'चा 'किये' होतो. मी कियेरो, तू कियेरेस, तो कियेरे, ते कियेरेन. फक्त आम्ही आणि तुम्ही म्हणताना तो जागचा हलत नाही: केरेमोस, केरेइस. मी तिथेही 'कियेरेमोस' ठोकून दिलं होतं. त्यानेही.

पहिल्या दिवशी त्याने आपलं नाव गोटीराम सांगितलं तेव्हा मागची रांग खिदळली होती. नावाला हसणाऱ्यांची मला चीड आहे. मी वळून असं बघितलं होतं की सगळे गप्प.

"त्या दिवशी मला वाटलं, तू आता हाणतेस त्यांना," तो गॅलरीत म्हणाला.

"हाणणारच होते. पण तू हसलास… म्हणून सोडलं."

"मग परत हसू?"

"आधी केरेमोस म्हण."

त्याने म्हटलं. आणि हसलाही. मी वहीत बघत राहिले, पण अक्षरं काही दिसेनात.

तो सुरगाण्याचा. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत कामाला होता आणि स्पेनच्या गिऱ्हाइकांशी त्याला स्वतः बोलायचं होतं. मला फोनवर स्पॅनिश बोलायची नोकरी हवी होती, माझ्या हक्काचा पगार हवा होता. क्लास सुटला की आम्ही टपरीवर चहा प्यायचो. तो म्हणायचा, तू आलीस की आधी झेंडूचा वास येतो. येणारच. पंचवटीत आमचा फुलांचा गाळा आहे, सकाळभर मी रंगूआत्याशेजारी बसून हार ओवते.

मॅडमचे तक्ते माझ्या डोक्यात टिकत नाहीत, उखाणे मात्र एकदा ऐकले की कायमचे बसतात, हे मी त्याला सांगितलं. मग उखाणाच कर की, तो चहावर फुंकर मारत म्हणाला. गमतीत. पण उखाण्याला नाव लागतं. दुसऱ्या कुणाचं घालणार होते मी?

सकाळी गाळ्यावर बोटं ओवत होती आणि तोंड चालू होतं:

"कियेरो, कियेरेस, कियेरे, केरेमोस, केरेइस, कियेरेन,
गोटीरामचं नाव मी परीक्षेतसुद्धा घेईन."

आत्याची सुई थांबली. आमच्याकडे पोरीनं उखाण्यात नाव घेतलं म्हणजे ठरलं, असाच अर्थ. आणि रविवारी तर चांदवडचे लोक मला बघायला येणार होते.

अभ्यास करतेय, एवढं म्हटलं असतं तरी सुटले असते. खोटंही नव्हतं. पण मी म्हणाले, "आत्या, हा मुलगा मला हवाय."

तिने आडनाव विचारलं, गाव विचारलं. जातीचं नाव न घेता जात हुंगायची ही आपली सभ्य रीत! मी सगळं सांगितलं, शेजारच्या गाळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तिने सुई झेंडूत खोचून ठेवली. मग म्हणाली, "त्याला माहीत हाय का?"

नव्हतं.

तिने अट घातली. शनिवारी त्याने स्वतः गाळ्यावर येऊन बोलायचं, मग चांदवडकरांना थांबवायचं ती बघेल. तिचा शब्द माझे वडील, दादा, मोडत नाहीत. नाही आला, तर रविवारी मी मुकाट साडी नेसायची.

संध्याकाळी गॅलरीत मी त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने कठडा घट्ट धरला.

"तुमच्या लोकांना माझं आडनाव चालणार नाही, मोहिनी. मान खाली घालून परत जायचं… ते मला जमणार नाही."

"आडनावासकट सांगून आलेय मी. तुला मी हवी आहे का, तेवढं बोल."

तो माझ्याकडे बघत राहिला — ते बघणं अजून अंगावर आहे — आणि वर्गात निघून गेला.

शनिवारी बाजार तुंबला होता. वाट बघत नव्हते असं खोटं सांगणार नाही. दोन हार उलटे ओवले. ऊन चढलं, झेंडू मलूल व्हायला लागला, आणि तेव्हा तो गर्दीतून वाट काढत आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. आत्याने ओळखलं. पण इतर गिऱ्हाइकांना विचारते तसंच विचारलं, "काय हवं?"

"मोहिनी," तो म्हणाला. थांबला. "म्हणजे… आत्या, मी गोटीराम. मला मोहिनी हवी आहे. तिला मी हवा आहे, हे तिने सांगितलंय. माझं सांगायचं राहिलं होतं."

माझ्या हातातला दोरा सुटला आणि फुलं मांडीवर घरंगळली. मी ती उचलली नाहीत.

आत्याने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, क्रेटमधला माल बघते तसं, सावकाश. मग शेजारची फुलांची पाटी बाजूला सरकवली.

"मग उभा काय राह्यलास? मागचं गिऱ्हाईक खोळंबलंय. आत ये."