एका खुंटीवर दोघी

"नीले, ओळखलंस का मला?" हेमलताबाईंनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

मैथिलीबाई सौजन्यानं हसल्या. "तुमचा काहीतरी घोळ झालाय. या घरात नीला कुणी नाही."

शेजारी बसलेल्या रेवतीच्या काळजात चर्र झालं. आईचं माहेरचं नाव नीलिमाच. लग्नात ताटातल्या तांदळांवर बाबांनी अंगठीनं 'मैथिली' लिहिलं आणि जुनं नाव माहेरीच राहिलं. हेमलताबाई ही तिची शाळेतली मैत्रीण. लग्नानंतर आज पहिल्यांदाच भेटत होत्या.

पक्षाघातानंतर आईच्या कानामागे स्मृतिकुपी बसवली होती. पुसट झालेल्या आठवणी त्या कुपीच्या कप्प्यांत जपलेल्या असत आणि रोज सकाळी 'जोडणी' नावाचा छोटा प्रोग्राम ते कप्पे मेंदूला जोडून देई. या प्रोग्रामच्या किरकोळ दुरुस्त्या रेवतीच करायची. कुप्या बनवणाऱ्या तिच्या कंपनीत त्या कामाला कुणी काडीची किंमत देत नसे. तिनं लॅपटॉप उघडला. लग्नाआधीचा 'नीलिमा' आणि नंतरचा 'मैथिली', दोन्ही कप्पे धडधाकट होते.

"मग आठवत का नाही तिला?" हेमलताबाईंनी विचारलं.

"मावशी, दोन्ही नावांची बाई एकच, एवढं प्रोग्रामला बरोबर कळलं. म्हणून शहाण्यानं दोन्ही कप्पे एकाच जागी जोडले! एका खुंटीवर दोन शर्ट अडकवले की आतला दिसतो का?"

"म्हणजे आतला आहे?"

"आहे. नुसता झाकलाय."

दुरुस्ती जेमतेम दोन ओळींची होती: जागा भरलेली असेल तर शेजारची दे. पण त्यासाठी वरचा 'मैथिली' कप्पा आधी सोडवावा लागणार होता. तेवढा वेळ आई रेवतीला ओळखणार नव्हती, आणि पुन्हा जोडताना काही फसलं तर कधीच नाही.

"आई, करू?"

"माझंच आहे ना ते? मग कर."

कप्पा सुटला. आईनं रेवतीवरून परकी नजर फिरवली आणि एकदम ओरडली, "हेमे! केवढी म्हातारी झालीस गं!"

हेमलताबाई रडायलाच लागल्या. रेवतीलाही रडू आलं, पण ते निराळं. तिनं 'मैथिली' शेजारच्या जागी जोडली.

आईनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"रेवा," ती अखेर म्हणाली, आणि रेवतीचा जीव भांड्यात पडला.

"काय गं आई?"

"नीलिमाला शिकायचंय. लग्न नाही करायचं तिला, अजूनही नाही. आणि मैथिलीला तू हवी आहेस." आईनं तिचा हात घट्ट धरला. "आता मी कुणाचं ऐकू?"