फ्रिजला पांघरलेली गोधडी

फ्रिजच्या दारावरचा आकडा सकाळी पाच अंश दाखवत होता. दहा वाजता तो सहा झाला आणि भर दुपारी सात. वीज होती, दार घट्ट लागलेलं होतं, यंत्राची घरघरही चालू होती. मग आतली थंडी जात होती कुठं?

तुळसाला वाटत होतं, आपल्याला चोर ठाऊक आहे. चोर निळ्या.

निळ्या हा शेळीपालक बायकांच्या संस्थेनं पंधरवड्यापूर्वी तिच्या आईच्या मदतीला दिलेला यंत्रमानव. आई वस्त्यावस्त्यांवर शेळ्यांचं औषधपाणी करायची. उद्या सकाळी तीनशे शेळ्यांना लस टोचायची होती आणि लसीच्या सगळ्या कुप्या याच फ्रिजमध्ये होत्या. पारा आठ अंशांच्या वर गेला की लस बाद. गेल्या वर्षीच्या साथीत अकरा शेळ्या दगावल्या, त्यात तुळसाची लाडकी चांदीही गेली होती.

पहिल्याच दिवशी तुळसानं निळ्याला बजावलं होतं, "इचारल्याबिगर बोलायचं न्हाय." तेव्हापासून तो बिचारा गप्प होता आणि तो गप्प असतो म्हणूनच तिला त्याचा संशय येत होता.

आज तर पुरावाच मिळाला. सकाळी आई कामावर गेल्या गेल्या तुळसानं फ्रिजला गोधडी गुंडाळली होती. जत्रेतला गोळेवाला बर्फाची लादी पोत्यात ठेवतो, ते तिनं पाहिलं होतं. ऊन सकाळपासूनच तापलेलं, फ्रिजची पाठही गरम लागत होती. पण निळ्यानं ती गोधडी दोनदा काढली. तिनं दोन्ही वेळा पुन्हा गुंडाळली, दुसऱ्यांदा सुतळीनं करकचून.

तिनं आईला फोन लावला. "आई, निळ्या फ्रिजमागं कायतरी करतुया. थंडी कमी हुतीया."

"म्या येती. तसलं असंल तर संस्थेला सांगून परत धाडू त्याला," आई म्हणाली.

तोवर धोका नको, म्हणून तुळसानं निळ्याला शेळ्यांच्या गोठ्यात कोंडलं आणि फ्रिजसमोर पहारा देत बसली. तासाभरानं आकडा झाला सात पूर्णांक आठ.

चोर तर कोंडलेला होता. मग चोरी कोण करत होतं?

तिनं गोठ्याचं दार उघडलं. एक करडू निळ्याच्या पायाला अंग घासत होतं. "काय करत हुतास रं फ्रिजमागं?"

"तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो," निळ्या पाठ्यपुस्तकासारखं बोलला. "फ्रिज थंडी बनवत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आईंच्या पेटीतलं स्पिरिट मनगटावर लावा."

तिनं लावलं. मनगट गार पडलं.

"स्पिरिट उडताना तुमच्या कातडीची उष्णता घेऊन गेलं. हे बाष्पीभवन (द्रवाची वाफ होणं). फ्रिजच्या आतल्या नळ्यांत शीतक (उष्णता वाहून नेणारा पदार्थ) असंच वाफ होतं आणि आतली उष्णता घेतं. मग कॉम्प्रेसर (वायू दाबणारा पंप) ती वाफ दाबतो. सायकलीत हवा भरताना पंप तापतो ना?"

"तापतो की."

"तशी वाफ तापते. मागच्या जाळीत आली, की ती आपली उष्णता खोलीतल्या हवेला देते, पुन्हा द्रव होते आणि नवी उष्णता आणायला आत जाते."

तुळसा थबकली. "म्हंजी जाळी गरम लागती, ती आतनं काढलेली उष्णता? अन् तिलाच म्या गोधडी पांघरली? पर गोळेवाला पोतं गुंडाळतो की."

"बर्फाला काही बाहेर टाकायचं नसतं. पोतं फक्त बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. फ्रिजच्या भिंतींत तसलं पोतं आधीच आहे. त्याच्या जाळीला मात्र मोकळी हवा हवी."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. सुतळी विळ्यानं कापली, गोधडी ओढून काढली. दोघांनी फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढं घेतला आणि जाळीवरची धूळ झटकली. दार उघडून बघायचा मोह तिनं आवरला. आकडा सात पूर्णांक नऊवर गेला. तिथं बराच वेळ अडला. मग हळूहळू सातवर उतरला.

तेवढ्यात आई आली, संस्थेच्या ताईंशी फोनवर बोलतच. "हां ताई, आजच न्या त्याला."

निळ्या खांबासारखा उभा होता. विचारल्याशिवाय तो बोलणार नव्हता आणि त्याला कुणी विचारतही नव्हतं. तुळसा गप्प बसली असती तर चोर सोडून संन्याशाला सुळी झाली असती. तिला स्वतःची फार लाज वाटली.

"आई, फोन ठेव. फ्रिज म्या बिघडवला. निळ्या वाचवत हुता." आणि तिनं गोधडीची सगळी हकिकत सांगितली.

आईनं आधी आकडा बघितला. सात. मग लेकीकडं, मग निळ्याकडं. "ऱ्हाऊ द्या ताई," ती फोनवर म्हणाली. "गडी कामाचा हाय."

दुसऱ्या दिवशी तीनशे शेळ्यांना लस टोचून झाली. घरी आल्यावर तुळसा निळ्याला म्हणाली, "आता इचारल्याबिगर बी बोलत जा."

"मग एक सुचवू?" तो लगेच म्हणाला. "जाळीतली उष्णता रोज वाया जाते. थंडीत करडं गारठतात."

तुळसानं थोडा विचार केला. मग तीच गोधडी झटकली आणि फ्रिजच्या कडेला, जाळीपासून हातभर अंतर सोडून, येत्या थंडीसाठी करडांची जागा आखायला जमिनीवर पसरली.