शेऱ्याचा रकाना

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. मी त्याच लिफ्ट-कंपनीची नवी सर्व्हिस-प्रमुख, आणि कामाचा पहिला दिवस! हसावं की रडावं, कळेना.

"आत कोण आहे?" बाहेरून एका मेकॅनिकचा आवाज आला.

"मी... एकटीच."

"घाबरलात?"

"मुळीच नाही," मी म्हणाले, पण आवाज असा कापला की तो हसलाच.

"मग बोलत राहा. तुम्ही बोललात की माझे हात भरभर चालतात."

"आणि गप्प बसले तर?"

"तर तोटा माझाच..."

दार उघडलं. ग्रीसने माखलेले हात मागे घेऊन त्याने कोपर पुढे केलं. मी ते धरलं. मी सावरेपर्यंत तो माझ्याबरोबर जिन्यावर बसून राहिला.

"आमच्या नव्या मॅडमना सांगू नका हं, इथे बसलो होतो ते. कडक आहेत म्हणे."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मला पाहून त्याचे कान लालबुंद झाले.

मग संध्याकाळचा चहा एकत्र होऊ लागला. 'तुम्ही'चं 'तू' झालं. आईला सांगितलं, तर म्हणाली, "मेकॅनिक? बरं झालं, आपला मिक्सर तरी चालू होईल!" तो घरी आला, मिक्सर दुरुस्त केला, आणि आईलाही खिशात घातलं. मी मात्र त्याला 'आवडतोस' म्हणायची राहूनच गेले. म्हणू... घाई काय आहे?

त्याच वर्षी कंपनीत एआय आलं. कुणी कुठे जायचं, किती वेळात परतायचं, सगळं तेच ठरवायचं. तक्रारी निम्म्यावर आल्या. मीही खूश होते. मग एक दिवस एआयने पाच जणांची यादी काढली. कामावरून कमी करायचे पाच जण. तिसरं नाव त्याचं होतं. कारण लिहिलं होतं: 'सुटकेनंतर जागेवर सरासरी अकरा मिनिटं जास्त.'

त्या अकरा मिनिटांत तो काय करतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

नावासमोर रकाना होता, 'प्रमुखांचा शेरा'. एक ओळ लिहिली असती, तर नाव थांबलं असतं. पण ऑफिसात आमच्याबद्दल कुजबुज सुरू झाली होती. आपल्या माणसाला वाचवलं म्हणतील... मी पाचही रकाने कोरे ठेवले आणि सही केली.

तो केबिनमध्ये आला. बस म्हटलं, तरी बसला नाही.

"सही तुझी आहे."

"यादी सिस्टीमने काढली. माझ्या हातात काही..."

"नव्हतं?"

मी स्क्रीनवरची यादी बंद केली.

"तू मला काढलं असतंस ना, तर मी कडाकडा भांडलो असतो," तो हळूच म्हणाला. "चार दिवस अबोला धरला असता, पाचव्या दिवशी पुन्हा आलो असतो. पण तू म्हणतेस, तू त्यात नव्हतीसच... मग भांडू कुणाशी?"

दीड महिन्याने एका बाईंचं पत्र आलं. त्या लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. मेकॅनिकने सहा मिनिटांत सोडवलं आणि तो पुढच्या कामाला पळाला. बाई तासभर जिन्यावर एकट्याच थरथरत बसल्या होत्या. सिस्टीममध्ये नोंद होती: 'काम यशस्वी.'

ते पत्र घेऊन मी संचालकांकडे गेले. चूक माझी, माहीत असूनही मीच शेरा न लिहिता सही केली, हे सांगितलं. बोलणी खाल्ली. पण माणसाने कारण लिहून दिल्याशिवाय कुणालाही काढायचं नाही, असा नियम करून घेतला. पाचही जणांना परत बोलावलं. चौघे आले.

तो बंदरावरच्या क्रेनच्या कामासाठी दुसऱ्या शहरात निघाला होता. मी त्याला बस-स्टँडवर गाठलं. भुरभुर पाऊस होता.

"निर्णय माझा होता," मी म्हणाले. "मी घाबरले. आणि... माझं प्रेम आहे तुझ्यावर."

त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"पहिलं वाक्य त्या दिवशी म्हणायचं होतंस गं," तो म्हणाला. "दुसरं तू न सांगताही मी ऐकलं असतं."

"परत ये ना."

"तुझ्यावर राग नाही. पण तुझ्या हाताखाली आता... नाही जमायचं. आणि तुझ्याबरोबरही, इतक्यात नाही."

तो बसमध्ये चढला. खिडकीची काच सरकवून त्याने हात बाहेर काढला. मी तो घट्ट धरला. बस हलली तशी मी चार पावलं बरोबर चालले.

हात आधी त्याने सोडला.