खुर्साच्या पुळणीवरील नांगराबाबत

विषय: खुर्साच्या पुळणीशी सहलीच्या बोटी वाळूवर चढवाव्यात की पाण्यात नांगराव्यात, याबाबत.
संदर्भ: १) परिपत्रकातील कलम चार. २) श्री. तेओफिल रेबेलो यांचा सदर कलम रद्द करण्याविषयीचा अर्ज.

उपरोक्त कलम मी लिहिलं. लिहिलं म्हणजे दुसऱ्या एका बंदराच्या नियमावलीतून उतरवलं. बंदरांच्या कचेरीत मी एकतीस वर्षं कारकुनी केली आणि त्या काळात समुद्र मुख्यतः खिडकीतून पाहिला. वाळूवर चढणाऱ्या एका बोटीखाली एका पाहुण्या बाईचा पाय सापडला. वरिष्ठ म्हणाले, काहीतरी काढा. मी काढलं: 'कोणतीही सहलीची बोट पुळणीवर चढवू नये. वीस मीटर अंतरावर नांगर टाकून उभी करावी.' भाषा निर्दोष होती. पुळण मी पाहिलेली नव्हती.

ती पाहिली निवृत्तीच्या आठवड्यात, एका रविवारी. नियमाचा फलक उभा आहे की पडला, एवढंच बघून यायचं होतं. तेओफिल म्हणाला, माझ्या बोटीतून चला. कुवेतला अठरा वर्षं क्रेन चालवून त्याने ती पांढरी फायबरची बोट घेतली होती. सुकाणूवर तो, पुढे नाकाशी त्याचा थोरला भाऊ जुझे, जन्मभर मासे मारलेला, आणि मध्ये मी. सोरपोतेलचा, म्हणजे डुकराच्या मटणाचा, डबा माझ्या मांडीवर दिला होता, कारण मी एकटाच त्याला शिवणार नव्हतो.

दुपारचे तीन वाजले होते. ओहोटी लागलेली, नदीचं पाणी समुद्राकडे ओढ घेत होतं. ऊन इतकं स्वच्छ की तळाची वाळू दिसत होती. पुळण जवळ आली तसा जुझे उठला.

"सरळ घाल वाळूत. मी उतरून दोरी धरतो."

तेओफिलने इंजिन मंद केलं. "साहेब बोटीत बसलेत. त्यांचाच नियम त्यांच्या डोळ्यांदेखत मोडू?"

"इथे लोखंड टाकत नाहीत, तेओ."

"कोण टाकत नाही?"

"आपला बाप नव्हता टाकत. त्याचा बाप नव्हता टाकत."

"त्यांच्याकडे नांगर होता कुठे? दगड बांधायचे."

"दगडसुद्धा इथे नव्हते टाकत," जुझे म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "पात्रांव, तुम्ही सांगा त्याला. आजच्या दिवस."

मला फक्त 'चालेल' म्हणायचं होतं. पण एकतीस वर्षांत तो शब्द मी वरिष्ठांच्या आधी कधी उच्चारला नव्हता.

"कलम आहे खरं," मी म्हणालो.

"मग कलमालाच सांगा बोट धरायला," असं म्हणून जुझेने नांगर सोडला.

पाणी कमरेएवढं असेल. वाळूत लोखंड रुतल्याचा आवाज आला नाही. दुपारी झोपलेल्या माणसाच्या पोटावर पोतं पडावं, तसा आला. आणि त्यामागोमाग एक श्वास. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.

पाण्याला कुजलेल्या काथ्याचा वास सुटला. मग दोर ताणला गेला आणि बोट हलली. ओहोटीच्या दिशेने हलली असती तर मी काहीच बोललो नसतो. ती उलट निघाली, वाहत्या पाण्याच्या विरुद्ध, एकेका हिसक्यासरशी. माणूस दोर हातावर गुंडाळत ओढतो, तशी.

"अडकलाय कुठेतरी," तेओफिल म्हणाला. "नवी बोट आहे, जुझे... सोडव."

जुझेने कपाळाला, छातीला हात लावून खुर्साची, क्रुसाची खूण केली आणि पाण्यात उतरला. दोराला हात लावत लावत चार पावलं गेला, वाकला. हात खांद्यापर्यंत पाण्यात. खाली नुसती वाळू दिसत होती, तो, आणि नांगर. तरी त्याचा हात मध्येच कुठेतरी थांबला.

"तेओ..." तो अगदी हळू म्हणाला. "हाताला बोटं लागतायत."

दोराचा वेढा त्याच्या मनगटावर बसला. तो आडवा झाला आणि बोटीच्या अंगावर आपटला. तोंडावर. पुन्हा मागे खेचला गेला, पुन्हा आपटला. तिसऱ्या वेळी फायबरला तडा गेला आणि पांढऱ्या रंगावर दात घासल्याच्या रेघा उमटल्या. कमरेएवढ्या पाण्यात सहा फुटी माणूस कापड धुवावं तसा आपटला जात होता, आणि आजूबाजूला ऊन, समोर कोरडी पुळण, फलक सरळ उभा. तेओफिलने त्याचे केस धरले, मी कॉलर. मग केस सोडून तेओफिलने दोर पकडला; तो त्याच्या तळव्यांतून सरकला आणि दोन्ही तळवे हाडापर्यंत उघडले. त्याच हातांनी त्याने कोयता उचलला आणि दोन घावांत दोर तोडला.

आम्ही जुझेला आत ओढलं. एक हात कोपरापासून भलत्याच बाजूला वळला होता, पण तो जिवंत होता. छातीवर रक्त थुंकून तो मला म्हणाला, "आता लिहा, पात्रांव..."

तेओफिलने इंजिनाची दोरी ओढली. लागलं नाही. दुसऱ्यांदा ओढली, लागलं.

तेव्हा नांगर वर आला. तरंगत नाही. पाण्यातून उसळून, माडाच्या अर्ध्या उंचीइतका, तोडलेला दोर शेपटीसारखा मागे. वर क्षणभर ठरला, आणि तेओफिल व मी यांच्यामधल्या हातभर जागेत, जिथे जुझे पडला होता, तिथे आकडे खाली करून उतरला. दोन आकडे छातीत गेले. एक आरपार जाऊन बोटीच्या तळात रुतला.

चौकीत फौजदाराने विचारलं, "नांगर पाण्यातून फेकला? कुणी?" तेओफिल इस्पितळात होता. हयातभर मी वरच्यांना खपेल असाच मजकूर तयार केला होता. तोच केला: 'नांगर वर ओढताना निसटून अपघात.' खाली सही केली, तारीख घातली.

तळवे शिवून झाल्यावर तेओफिलने अर्ज केला, कलम चार रद्द करा म्हणून. त्याने कारण एकच दिलं: तिथे आणखी कुणाचा तरी भाऊ मरेल. उत्तर आलं की प्रत्यक्ष साक्षीदाराच्या जबाबानुसार दोष ओढणाऱ्याचा आहे, कलमाचा नाही. तो कागद घेऊन तो माझ्या दारात आला.

"साहेब, हा साक्षीदार कोण?"

मी त्याला बस म्हणालो. तो बसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवा, खरा जबाब दिला. त्यावर शेरा आला: 'एकाच साक्षीदाराच्या दोन जबाबांत विसंगती. खुलासा करावा.' इतका योग्य शेरा मीही लिहिला नसता.

खुलाशासाठी मी मुद्देमालाच्या खोलीत जाऊन नांगर पाहिला. कोयत्याने तोडलेल्या नायलॉनचं टोक पिंजलेलं असायला हवं. ते पिंजलेलं नव्हतं. बारीक काथ्याचे वेढे त्यावर एकाशेजारी एक, घट्ट, जुन्या खलाशांच्या हातचे असावेत तसे घातले होते आणि शेवट आत दडवला होता. तोडल्यापासून नांगर वर येईपर्यंत तेओफिलने इंजिनाची दोरी दोनदा ओढली, एवढाच वेळ गेला होता. असं टोक का बांधतात ते कुठल्याही मच्छीमाराला विचारा. दोर पुन्हा वापरायचा असतो म्हणून.

हेही मी खुलाशात नमूद केलं. तो मिळाल्याची पोच आली.

निर्णय होईपर्यंत कलम चार लागू आहे. गेल्या रविवारी खुर्साच्या पुळणीपासून वीस मीटरवर अकरा बोटी नांगरून उभ्या होत्या. त्यांतल्या तीन बोटींत मुलं होती.

तेओफिल रेबेलो यांचा अर्ज प्रलंबित आहे.