वरच्या खिडकीतली बाई

थर्माकोलची थडगी तळघरात आहेत, बॉयलरच्या मागं. सगळी घेऊन जा. मक्याची ताटं बांधायची तार, निळा दिवा, कढई, तेही ने. मला आता त्यातलं काही नको. पण केंड्रा, तू नुसतं सामान मागायला आली नाहीस. पुढच्या हॅलोविनला घर कसं सजवलं की खाऊ मागत येणारी पोरं विसरणार नाहीत, हेही विचारलंस. मग बस जरा. टेबलावरचा दिवा पुरे आहे, वरचा लावू नकोस. तू या गल्लीत नवीन, तुला कुणी काही सांगितलं नसणार. आणि सांगायचं तर ते मीच सांगायला हवं, कारण बाकीच्यांना ठाऊकच नाही.

पोरं बघितलेलं विसरतात, केलेलं विसरत नाहीत. हे माझ्या आईचं म्हणणं. व्हर्ना कोव्हाच तिचं नाव. ती मक्याच्या लाह्यांचे लाडू करायची, गुळाच्या काळ्या पाकातले, मेणकागदात गुंडाळून. पण लाडू फुकट मिळायचा नाही. दारात येऊन एक विनोद सांगायचा, नाहीतर नाचून दाखवायचं. आता घरचं खाणं कुणी घेत नाही, आया घरी जाऊन फेकून देतात. पण तेव्हा अख्ख्या गावची पोरं आमच्या दारात रांग लावायची. मी तिच्याशेजारी उभी राहून मिरवायची.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी गाडी काढून शेतावर गेले आणि मक्याची वाळलेली ताटं घेऊन आले. साधं काम. समोरच्या डोरीन पाविचकडे हवा भरलेले राक्षस असतात ना, पंखा लावून डुलणारे? दोन वर्षं सगळी पोरं तिच्याकडेच थांबायची आणि आमच्याकडे येऊन पटकन एक चॉकलेट उचलून पळायची. माझ्या मनात ते फार सलत होतं. म्हटलं, या वेळी आईची युक्ती वापरू. पोरांना काहीतरी करायला लावू. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत ताटांची बोळ उभी केली. फाटकात प्रत्येक पोराच्या हातात एक कंदील द्यायचा, त्यानं एकट्यानं बोळीतून यायचं. वाटेत कढईत हात घालायचा, आत सोललेली द्राक्षं आणि गार शेवया. व्हरांड्यावर शवपेटी, तिचं झाकण स्वतः उघडायचं, तेव्हा चॉकलेट. हिरवळीवर थडगी, ड्राय आइसचा धूर, आणि एक निळा दिवा खालून वर असा मारलेला, की घराचा सगळा दर्शनी भाग मढ्यासारखा निळा दिसावा.

आणि वर, रस्त्याकडच्या खोलीत, आई.

ती मेली नव्हती तेव्हा. डोकं मात्र पार बिघडलं होतं. ऑगस्टमध्ये चर्चच्या जत्रेत ती नाइटगाउनवर निघून आली, केस मोकळे, पायात काही नाही, आणि खायला पिरोगी मांडलेल्या टेबलाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विनोद सांगायला लागली. लोक हसले. वाईट हसले असंही नाही, पण हसले. मी तिला दंडाला धरून घरी आणलं आणि अख्खा रस्ता जमिनीकडे बघत चालले. मला तिची लाज वाटली. माझ्या आईची. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, भाऊ गॅरी तिला इरीला, त्याच्या घरी घेऊन गेला म्हणून. गॅरी तर वर्षावर्षात फोन करत नाही. मी तिला वरच ठेवलं. पडदे ओढले. जिन्यावरून पडेल म्हणून दाराला बाहेरून कडी लावली. निदान मी स्वतःला तसं सांगायची.

हॅलोविनच्या दुपारी ताटांची सळसळ ऐकून तिला काय आठवलं कोण जाणे. अगदी शहाण्यासारखं विचारलं तिनं, "पोरं कधी येणार गं?" म्हटलं, संध्याकाळी. मग म्हणाली, मला खाली ने, मी व्हरांड्यावर बसते. तिचे डोळे इतके स्वच्छ होते की मी हो म्हटलं. अग्निशमनवाल्यांचा भोंगा झाला की घेऊन जाते, असं कबूल केलं. भोंगा तुला माहीतच आहे, एक झाला की पोरं निघतात, दुसरा झाला की घरी.

संध्याकाळी मी तिचं सूप घेऊन वर गेले. ती दाराकडे पाठ करून खुर्चीत बसली होती. मी ट्रे ठेवला, म्हटलं, आई, गार व्हायच्या आत खाऊन घे. ती बोलली नाही. रुसली असेल म्हटलं. मला ड्राय आइस फोडायचा होता. मी पुढं जाऊन तिचं तोंडसुद्धा बघितलं नाही. कडी लावली आणि खाली आले.

भोंगा झाला. मी तिला आणायला गेले नाही. पहिली पोरं फाटकात होती, म्हटलं जराशानं आणू. खरं सांगू? आणायचंच नव्हतं मला. एवढी सुंदर सजावट, आणि मध्ये ती नाइटगाउनवर बसणार, कुणालाही काहीही बोलणार.

पोरं आली आणि बोळीत जाऊन किंचाळून बाहेर पडली. झकास चाललं होतं. मग कधीतरी वास यायला लागला. गूळ करपल्यासारखा, गोड आणि कडवट. स्वयंपाकघरात शेगडी बंद होती, मी जाऊन बघून आले. परत आले तर हिरवळीवर पोरं थांबलेली. बोळीतून बाहेर आलेली पोरं पुढं जातच नव्हती. सगळ्यांच्या माना वर.

मीही वर बघितलं.

पडदा बाजूला झालेला. निळ्या उजेडात आई खिडकीत उभी. पांढरा गाउन, मोकळे केस. आणि ती हात हलवत होती. सावकाश… एका पोराकडे बघून एकदा, मग दुसऱ्याकडे बघून एकदा. कुणालाही सोडत नव्हती. पोरं खालून हात हलवत होती, टाळ्या वाजवत होती. समोरच्या राक्षसांजवळ एक पोर उरलं नव्हतं.

डोरीन स्वतःच्या घरातून रस्ता ओलांडून आली, चॉकलेटांचं भांडं कडेवर घेऊन. तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या घरातलं नवं जोडपं. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्या अंगणात येऊन माझं काही बघत उभी राहिली होती. माझी छाती फुगली आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

"मार्ला, हे कुठून आणलंस गं? अगदी खरं वाटतंय."

तेव्हा सांगायचं होतं. दोन शब्द होते फक्त. पण सांगितलं असतं तर इरीचं खोटं उघडं पडलं असतं, कडीचं विचारलं असतं, आणि हे सगळे आत्ता कौतुकानं बघणारे चेहरे कसे झाले असते ते मला दिसलं.

"यंत्र आहे," मी म्हटलं. "मोटार आहे आत. मागवलं बाहेरून."

नवा माणूस म्हणाला, हात जरा अडखळतो, पण त्यामुळंच जास्त भीती वाटते. मी हसले. हो, हसले मी. तेवढ्यात डोरीननं डोळे बारीक केले.

"तिचं तोंड हलतंय बघ. काय म्हणते ती?"

"आवाजाचं बसवायचं राहिलं," मी म्हटलं.

मी पुन्हा वर बघितलं तेव्हा हात थांबला होता. उचललेलाच होता, पण हलत नव्हता. आई सरळ माझ्याकडे बघत होती. तिथून ऐकू जाणं शक्य नव्हतं, खिडकी बंद, खाली एवढा गोंगाट. पण जगात माझ्याकडे कुणी असं बघितलं नाही. रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं. ती माफी मागितल्यासारखं बघत होती, जशी काही चुकून माझ्या मध्ये आली. मग पडदा पडला. पोरांनी "ओऽऽ" केलं, आणि डोरीन म्हणाली, वा, काय वेळ साधली.

दुसरा भोंगा होईपर्यंत मी वर गेले नाही. धीरच झाला नाही. काय तोंडानं जायचं? मग अंगण रिकामं झालं, मी जिना चढले. कडी होती तशीच होती. आत वास नव्हता कसला. पडदा ओढलेला, त्याच्या खालच्या कडेला मी उन्हाळ्यात लावलेल्या पिनासुद्धा जागच्या जागी. सूप तसंच, वर साय धरलेली. आई खुर्चीत, दाराकडे पाठ करून. मी खांद्याला हात लावला तर ती आख्खी हलली. लाकडासारखी.

मृत्यूची नोंद करायला काउंटीचा माणूस आला. भला होता, हळू बोलत होता. त्यानं तिचे हात, मान तपासली आणि म्हणाला, बाई गेल्याला बराच वेळ झालाय. मी विचारलं, किती? तो म्हणाला, दुपारी उशिरा कधीतरी. भोंग्याच्या पुष्कळ आधी.

त्या क्षणी मला काय वाटलं ते ऐक, आणि मग मला जे म्हणायचं ते म्हण. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हणजे मी जिला यंत्र म्हटलं ती आई नव्हतीच. आई आधीच गेली होती, तिनं काही ऐकलं नाही. प्रेतापुढं उभी राहून मी स्वतःला सोडवत होते. खिडकीत मग कोण होतं, हा प्रश्न मला नंतर पडला. आधी सुटका, मग भीती. अशी मी.

लोकांना सांगितलं, गॅरीनं तिला आदल्याच दिवशी परत आणून सोडलं होतं. सगळ्यांनी मानलं. डोरीन कोबी-शेवयांचं मोठं भांडं घेऊन आली, मला जवळ घेतलं, आणि निघताना दारात थांबून हळूच म्हणाली, "ती वरची बाई उतरवलीस ना गं? दुःखाच्या घरात बरं दिसत नाही."

"उतरवली," मी म्हटलं.

तिला यंत्र म्हणायची माझी ही दुसरी वेळ, आणि आई तेव्हा शेजारच्या खोलीत शवपेटीत होती.

आता परवाचं सांगते. यंदा मी काहीच मांडलं नाही. व्हरांड्याचा दिवा बंद ठेवला. दिवा बंद म्हणजे इथं येऊ नका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. वरची खोली रिकामी आहे, पलंगसुद्धा देऊन टाकला. मी आत अंधारात बसले. भोंगा झाला. आणि थोड्या वेळानं अंगणात पावलं वाजायला लागली… पानांवरून येणारी, एक-दोघांची नाही. दार कुणी वाजवत नव्हतं. नुसती येऊन थांबत होती.

मी दार उघडून बाहेर गेले. हिरवळभर पोरं. कुणी हाडांचा सापळा, कुणी अंतराळवीर. सगळ्यांच्या माना वर. अगदी पुढं मधमाशीचे पंख लावलेली एक चिमुरडी होती. तिला म्हटलं, बाळा, इथं काही नाही, दिवा बंद आहे बघ.

ती म्हणाली, "पण वरच्या आजींनी बोलावलं."

मी पायऱ्या उतरून मागं वळले आणि वर बघितलं. काळी काच. काही नाही. रस्त्यावर पोरांच्या आया उभ्या होत्या, डोरीन तिच्या व्हरांड्यावर होती. मनात आलं, आता नाही तर कधीच नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "ते यंत्र नव्हतं. ती माझी आई होती. व्हर्ना कोव्हाच. मीच तिला वर कोंडून ठेवलं होतं."

बहुतेक सगळ्यांना तो सजावटीचाच भाग वाटला. एक बाई तर हसून माझ्याकडे बघून मान हलवत होती, छान जमलं अशी. कुणी विश्वास ठेवला नाही, पण मी बोलले, आणि मला वाटलं आता सुटले. आता ती मला दिसेल. मी वर बघत राहिले, मान दुखेपर्यंत.

मग त्या मधमाशीनं माझी बाही ओढली. फार हळू, समजुतीच्या सुरात, जसं आपण लहान मुलांना सांगतो तसं तिनं मला सांगितलं.

"तुम्ही बाहेर आलात की त्या पडद्यामागं जातात. तुम्ही आत जा ना. म्हणजे त्या परत येतील."

मी आत गेले. दार लावलं आणि त्याला पाठ टेकून अंधारात उभी राहिले. थोडा वेळ काहीच नाही. मग बाहेर अंगणात पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.