झेंडूची माळ आणि धापा टाकणारी जीप

जीप तीच, घाट तोच आणि चालवणारी केतकीआत्याही तीच. तरी पहाटे ही जीप गुणगुणत घाट चढायची आणि भर दुपारी चौथ्या वळणावर धापा टाकायला लागायची. असं का व्हावं?

सोनपाट गाव घाटाच्या पायथ्याशी आणि इस्पितळ पार माथ्यावर. आजारी माणसांना वर पोचवायचं काम आत्याच्या जीपचं. शहरात तोवर सगळ्या गाड्या विजेवर धावू लागल्या होत्या, पण सोनपाटची जीप गावच्याच गोबरगॅसवर चालायची आणि गावाला त्याचा कोण अभिमान!

अन्विताला मात्र त्या जीपची काळजी लागून राहिली होती. तिच्या आईला नववा महिना लागला होता आणि बाळंतपण इस्पितळातच करायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाळाने यायला नेमकी दुपारच निवडली तर?

तिने दगडूला गाठलं. दगडू म्हणजे जीपची देखभाल करणारा जुना यंत्रमानव. पाय आपटत चालतो म्हणून गावाने त्याचं नाव दगडू ठेवलं होतं. सरळ उत्तर द्यायचं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

"सायकलचा पंप आण," तो म्हणाला. "तोंडावर अंगठा दाब आणि मार जोरात. आता खालच्या बाजूला हात लाव."

"अगं बाई! तापला की हा!"

"हवा दाबली की ती तापते. आपल्या जीपमध्ये टर्बोचार्जर (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर त्याला फिरवतो. जास्त हवा आत गेली की जास्त गॅस जळतो आणि जोर वाढतो. पण ही कोंबलेली हवा पंपासारखीच तापते. तापलेली हवा पसरते, विरळ होते. मग तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो. शिवाय फार गरम हवेने इंजिन आतून ठकठकायला लागतं, म्हणून ते आपणहून जोर कमी करतं."

"आणि दुपारी मुळातच हवा गरम असते!" अन्विता म्हणाली.

दगडूचे डोळे हिरवे झाले. तो खूश झाला की तसे व्हायचे.

उपाय होता इंटरकूलर (कोंबलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारी जाळी). या जाळीच्या नळ्यांमधून गरम हवा जाते आणि बाहेरून वाहणारा वारा तिची उष्णता घेऊन जातो. जीपवरचा जुना इंटरकूलर पार गंजला होता. तालुक्याच्या दुकानात तीन नवे मिळाले. आत्याने बघताक्षणी सगळ्यात मोठ्यावर हात ठेवला.

"हाच घ्यायचा. एवढी दांडगी जाळी, गार करणारच की!"

"करेल," दगडू म्हणाला, "पण हवेला एवढा लांबचा प्रवास करायला लावला तर वाटेत तिचा दाब पडतो. पाय दाबल्यावर जोरही उशिरा येतो. आणि हा मागच्या, इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरचा वारा अडवेल तो वेगळाच."

"मग हा छोटा घेऊ," अन्विता म्हणाली.

"तो इंजिनाच्या डोक्यावर बसतो. चुलीवर बसून कोणी गार होतं का?"

राहिला मधला. तो पुढच्या जाळीमागे बसणारा, आखूड नळ्यांचा. दगडूने तो जीपच्या टर्बोला तात्पुरता जोडून त्यातून गरम हवा सोडून पाहिली. बाहेर पस्तीस अंश होते आणि टर्बोमधून हवा एकशे पस्तीस अंशांवर निघत होती. म्हणजे तिच्यात शंभर अंशांची भर पडली होती. इंटरकूलरमधून ती पासष्टवर बाहेर आली. शंभरातले सत्तर अंश गेले, म्हणून त्याची कार्यक्षमता (कामात खरं उतरण्याचं प्रमाण) सत्तर टक्के. दाबही अगदी थोडाच घटला. "गारवा किती आणि त्यापायी दाब किती गेला, दोन्ही बघून निवडायचं," दगडू म्हणाला. आत्याने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

जाळी बसली, इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान दाखवणारा काटा आत्याच्या समोर लागला आणि जीप भर दुपारी घाट चढून आली. आत्याने दगडूच्या पाठीवर थाप मारली आणि स्वतःचाच हात दुखवून घेतला.

मग दसरा आला. गावाने जीपची पूजा केली, आंब्याची पानं बांधली, मनगटाएवढी जाड झेंडूची माळ समोर वेटोळं करून चढवली. आणि दुपारी जेवणाची पानं वाढलेली असतानाच आईला कळा सुरू झाल्या.

मागे आई आणि बाबा, पुढे आत्या आणि अन्विता. दगडूला जागाच उरली नाही. तीन वळणं सुरळीत गेली. चौथ्यावर जीप धापा टाकू लागली.

"तरी मी म्हणत होते, मोठा घ्या म्हणून!" आत्याचा आवाज चढला. मागे आई कण्हत होती. अन्विताला रडू फुटायच्या बेतात होतं. तिने काट्याकडे पाहिलं. एकशे दहा! पासष्टवर असायला हवा होता. इंटरकूलर तोच, ऊनही त्या दिवसासारखंच. मग बदललं काय? उष्णता घेऊन जातो तो वारा. वाराच येत नसेल तर?

"आत्या, थांब!"

ती उडी मारून पुढे धावली. झेंडूच्या माळेने आणि पानांनी पुढची जाळी गच्च झाकली होती. फूल सरकवून बोट घालायलाही फट नव्हती.

"माळ काढायला हवी!"

आत्या घुटमळली. "पूजेची आहे गं ती. आजच्या दिवशी..."

"केतकी, काढू दे तिला!" आई मागून ओरडली. "माझं बाळ रस्त्यात होईल!"

अन्विताने माळ सोडवली, पानं ओरबाडली आणि सगळं उराशी धरून आत बसली. आत्याने क्षणभर इंजिन नुसतं चालू ठेवलं, मग जीप काढली. वारा जाळीत शिरला. काटा खाली येऊ लागला, शंभर, नव्वद, सत्तर. पाचवं वळण जीपने गुणगुणत घेतलं.

दिवेलागणीला अन्विताला भाऊ झाला. आत्या आनंदाने रडली आणि रडता रडता म्हणाली, "मधलाच बरा होता गं."

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर अन्विताने तीच माळ दगडूच्या गळ्यात घातली. मग तिच्याच लक्षात आलं. त्याच्या छातीवर वारा आत घेणारी जाळी होती. तिने हसून माळ बाजूला सरकवली आणि दगडूचे डोळे हिरवे झाले.

"दगडू, चंद्रावर तर वाराच नाही. तिथल्या गाडीची उष्णता कोण घेऊन जाणार?"

"तू सांग," दगडू म्हणाला.

अन्विता पायरीवर बसून विचार करू लागली. बाळ घरी येईपर्यंत तिला उत्तर शोधायचं होतं, कारण आता घरात प्रश्न विचारणारं आणखी एक माणूस येणार होतं.